कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी डीएनए चाचणी : द्यावी का?

रामबाग (धागाकर्ती)

आमच्या कुळाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. इंदूर, देवास, धार आणि उज्जैनच्या शाखांची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. या वेळी माहितीपत्रकाला एक नवीन पान जोडून आलं. त्यातला मजकूर असा: ‘इच्छुकांनी डीएनए चाचणी करून अहवाल व मूळ फाइल समितीच्या ईमेलवर पाठवावी. चाचणीचा संच अमेरिकेतील सभासदांमार्फत मागवून दिला जाईल.’ हेतू चांगलाच आहे. होळकरांच्या चाकरीत माळव्यात कोण कधी आलं, याचे कागद आमच्याकडे तुटक आहेत. ती तूट विज्ञान भरून काढेल, असं तरुण मंडळींना मनापासून वाटतं.

ते पान घरोघरी वाटणं मी थांबवलं आहे. आणखी काही कुळांच्या समित्यांतही हाच विचार घाटतो आहे असं ऐकलं, म्हणून कारणं इथे सविस्तर मांडते.

ट्वेंटीथ्री अँड मी ही या धंद्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी. २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. नळीत लाळ भरून पाठवायची, काही आठवड्यांनी तुमचे पूर्वज कुठले, नातेवाईक कोण, कोणत्या आजारांचा धोका आहे ते ऑनलाइन पाहायचं. ऑक्टोबर २०२३मध्ये या कंपनीतल्या खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. चोरांनी कंपनीची यंत्रणा फोडली नव्हती. इतर साइटवरून फुटलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले आणि ज्यांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला होता अशी सुमारे १४,००० खाती उघडली. माहिती मात्र गेली सुमारे ६९ लाख लोकांची! कारण तिथे नातेवाईक शोधून देणारी सोय होती. एक खातं उघडलं की जुळलेल्या शेकडो नातेवाइकांची नावं, किती टक्के डीएनए जुळतो, गाव, वंशवृक्ष, सगळं समोर. म्हणजे ज्यानं स्वतःचा पासवर्ड अगदी सांभाळून ठेवला, त्याचीही माहिती लांबच्या चुलतभावाच्या पासवर्डामुळे गेली. पुढे ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या बाजारात मांडल्या गेल्या. कोणाच्या तरी हाती लागलेली जातवार यादी काय करू शकते, हे आपल्या देशात कुणाला समजावून सांगायला नको.

मग २३ मार्च २०२५ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहक सुमारे दीड कोटी. त्याच्या दोनच दिवस आधी कॅलिफोर्नियाचे अॅटर्नी जनरल रॉब बॉन्टा यांनी लोकांना, आपली माहिती पुसून टाका आणि लाळेचे नमुने नष्ट करायला सांगा, असं जाहीर आवाहन केलं होतं. लिलावात आधी रीजेनेरॉन या औषध कंपनीची २५.६ कोटी डॉलरची बोली वरचढ ठरली. नंतर कंपनीच्याच संस्थापक अॅन वोजिस्की यांच्या ना-नफा संस्थेनं ३०.५ कोटींची बोली लावली आणि न्यायालयानं ती मंजूर केली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी त्या चोरीपायी जून २०२५मध्ये २३.१ लाख पौंडांचा दंड ठोठावला.

कंपनी बुडाली की टेबल-खुर्च्या विकतात, इमारत विकतात. इथे विकायला सगळ्यात मोलाची वस्तू होती ती लोकांची जनुकीय माहिती. ज्या माणसांशी तुम्ही करार केलात ती उद्या तिथे असतीलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बँक खातं बंद करता येतं. डीएनए जन्मभर तोच राहतो, आणि निम्मा मुलांकडे जातो.

आपली मतं लिहा. समितीतली मंडळीही इथे वाचतात, त्यांनीही लिहावं.

जुनाइंदूर

ताई, मी त्याच समितीत आहे, म्हणून आधी मीच लिहितो. आपल्या घराण्यात लपवण्यासारखं काय आहे? मागच्या आवृत्तीत प्रत्येकाची जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, लेकींची सासरची नावं, फोन नंबरसकट छापली, कुणाचं काही वाकडं झालं नाही. उलट तुटलेल्या शाखा जोडल्या गेल्या. धारजवळच्या एका खेड्यातल्या कुटुंबाला आपलं मूळ कोकणात आहे हे त्या पुस्तकामुळे कळलं, ती माणसं भेटायला आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. अमेरिकेत चोरी झाली म्हणून आपण इथे काहीच करायचं नाही का? शिवाय पत्रकात ‘इच्छुकांनी’ असं लिहिलं आहे. सक्ती कुणावरच नाही.

रामबाग

काका, मागच्या आवृत्तीच्या कामात तुमच्या हाताखालीच मी शिकले, म्हणून तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देणं मला आवश्यक वाटतं.

पुस्तकात सगळं छापलेलं आहे, हीच माझी मुख्य काळजी आहे. जनुकीय माहितीवरून नाव काढून टाकलं की ती कुणाची हे कळत नाही, असं कंपन्या सांगतात. २०१३ साली मेलिसा जिमरेक, यानिव एर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं आणि बहुतेक समाजांत आडनावही तसंच जातं. त्यांनी संशोधनासाठी नाव न लावता ठेवलेला डीएनए घेतला, हौशी लोकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या वाय गुणसूत्राच्या माहितीशी ताडून पाहिला आणि आडनाव काढलं. मग वय, राज्य आणि उघड्यावर असलेले वंशवृक्ष वापरून सुमारे ५० जणांची ओळख पटवली. कुठलंही कुलूप तोडलं नाही, सगळं उघड माहितीतून केलं.

तिकडे त्यांना वंशवृक्ष इंटरनेटवरून वेचावे लागले. आपण तो बांधून, सूचीसकट, छापून ठेवला आहे. आपल्या कुळातल्या थोड्या लोकांच्या फाइली कुठेतरी बाहेर पडल्या आणि शेजारी आपला कुलवृत्तांत ठेवला, तर न दिलेल्या माणसांपर्यंतही पोचता येतं. एर्लिख यांचाच २०१८चा दुसरा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के लोकांना, त्यांनी स्वतः चाचणी केलेली असो वा नसो, तिथल्या साठ्यात इंग्रजीत ‘थर्ड कझिन’ म्हणतात तसा लांबचा नातेवाईक किंवा त्याहून जवळचा माणूस सापडतो. म्हणजे खापरपणजोबा एकच असलेला. एखाद्या समाजातल्या २ टक्के लोकांची माहिती साठ्यात आली, तरी जवळजवळ प्रत्येकाचा असा नातेवाईक सापडू शकतो, असं त्यांचं गणित आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्नं जातीतच झाली आहेत. नाती दोन-दोन, तीन-तीन बाजूंनी लागतात, म्हणून जुळणी आणखी दाट निघते.

तेव्हा ‘इच्छुकांनी’ हा शब्द पुरत नाही. चुलतभाऊ इच्छुक असला की माझीही माहिती गेली, आणि मला कुणी विचारलंही नाही. आपल्या माहेरवाशिणी, त्यांची मुलं तर दुसऱ्याच कुळांत आहेत. त्यांना समितीनं काय विचारलं?

लॅबवाली

मी इंदुरातच मॉलिक्युलर लॅबमध्ये काम करते. ‘मूळ फाइल’ म्हणजे काय हे समितीतल्या किती जणांनी उघडून पाहिलंय? साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. साधारण सहा-सात लाख ओळी. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: खुणेचा क्रमांक, गुणसूत्र, जागा आणि दोन अक्षरं. उदाहरणार्थ: आरएस४९८८२३५, गुणसूत्र २, जागा १३६६०८६४६, जीजी. ही ओळ मोठेपणी दूध पचतं का, याबद्दल सांगते. जीजी असेल तर जड जाण्याची शक्यता जास्त. निरुपद्रवी वाटतं ना? त्याच फाइलमध्ये गुणसूत्र १९वर आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२ या दोन ओळी असतात. त्यांच्यावरून म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे का, याचा अंदाज बांधतात. ज्याला स्वतःबद्दल हे जाणून घ्यायचं नाही, त्याचीही फाइल समितीचा चिटणीस उघडू शकतो.

आणि पाठवायचं कशानं, तर ईमेलनं! ती चिटणीसांच्या इनबॉक्समध्ये राहणार, तिथून कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर, तिथून कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. कंपनीकडे निदान ‘पुसा’ असं बटण तरी असतं. ग्रुपवर गेलेली फाइल कोण पुसणार?

अजून एक. या मूळ फाइलवर आजारांच्या बाबतीत भरवसा ठेवू नका. २०१८च्या एका अभ्यासात, घरगुती चाचण्यांच्या मूळ फाइलींमधून लोकांनी स्वतः शोधलेले आजाराशी संबंधित बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा ४० टक्के चुकीचे निघाले.

न्यूजर्सीकर

मी मूळचा सुदामानगरचा, इथे चाचणी केलेली आहे. रामबागमावशी, तुमचा मुद्दा कळतो, पण मला त्यातून आनंदही मिळाला. आजीच्या माहेरची एक शाखा नागपूरला आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, ती सापडली. आता तिथल्या मावसबहिणीशी दर आठवड्याला बोलणं होतं. अमेरिकेत कायदेही आहेत. २००८च्या जीना कायद्यानुसार आरोग्यविमा कंपनी किंवा नोकरी देणारा जनुकीय माहितीवरून भेदभाव करू शकत नाही. मग इतकं घाबरायचं का?

खंडपीठ

व्यवसायानं वकील, इंदूर. जीनाबद्दल बरोबर, पण अर्धं. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि वृद्धापकाळातल्या देखभालीचा विमा त्या कायद्यात येत नाही. आणि दवाखान्यातल्या कागदांना गुप्ततेचं संरक्षण देणारा अमेरिकी हिपा कायदा अशा थेट ग्राहकांना विकणाऱ्या कंपन्यांना सहसा लागूच होत नाही. तिथे तुमच्या हातात असतं ते मुख्यतः कंपनीचं गोपनीयता धोरण आणि ज्या राज्यात राहता तिथला कायदा. युरोपात जनुकीय माहितीला कायद्यानंच विशेष संरक्षण आहे. फ्रान्समध्ये तर हौसेखातर अशी चाचणी करून घेणंच बेकायदा आहे, ३,७५० युरोपर्यंत दंड होतो.

आता आपल्याकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. त्यात संमती मागे घ्यायचा, माहिती पुसून मागायचा आणि आपल्या पश्चात हे हक्क बजावायला कुणाला तरी नेमून ठेवायचा अधिकार आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण जनुकीय माहितीला या कायद्यात वेगळा, जास्त कडक वर्ग नाही. ती तुमच्या फोन नंबराच्याच पंक्तीत बसते, आणि हे मला फार खटकतं. डीएनएसाठी स्वतंत्र विधेयक होतं, २०१९चं. तेही मुख्यतः गुन्हे तपास आणि बेपत्ता माणसांची ओळख यासाठीचं होतं, आणि २०२३मध्ये सरकारनं ते मागे घेतलं.

समितीनं एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. निव्वळ व्यक्तिगत किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळली तर हा कायदा लागत नाही. पण नोंदणीकृत मंडळ, देणगीमूल्य लावून विकलेलं पुस्तक, शेकडो घरांची माहिती संगणकावर, याला घरगुती म्हणणं माझ्या मते कठीण जाईल. आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईबापांची पडताळता येईल अशी संमती लागते. पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

पलासिया_स्मिता

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आईला आणि मावशीला दोघींना स्तनाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी मला बीआरसीए, म्हणजे या कर्करोगाच्या धोक्याशी संबंधित दोन जनुकं, तपासून घ्यायला सांगितलं आहे. हा धागा वाचून हात थांबला. करू की नको?

लॅबवाली

स्मिता, जरूर कर. थांबू नकोस. त्या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. तुझ्या डॉक्टरांनी कारण असताना सांगितलेली तपासणी आहे, ठरावीक जनुकं पूर्ण वाचली जातील, आधी आणि नंतर समुपदेशन मिळेल आणि निकालावरून पुढचं काहीतरी ठरेल. अमेरिकेत २०१८ साली घरगुती चाचणीला बीआरसीएचा अहवाल द्यायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यात फक्त तीन बदल तपासले जात, आणि तेही मुख्यतः अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत आढळणारे. या दोन जनुकांत धोकादायक बदल हजारांहून जास्त ठाऊक आहेत. मराठी बाईला त्या तीन बदलांचा ‘नाही’ असा निकाल मिळाला, तर त्यावर विसंबून तिनं तपासणी टाळावी असं काहीही त्यात नाही. दवाखान्यातली तपासणी कर, फक्त लॅबच्या संमतीपत्रात ‘उरलेला नमुना व माहिती संशोधनासाठी किंवा इतर भागीदारांना देण्यास संमती’ अशी वेगळी चौकट असते, ती नीट वाच. तिथे नाही म्हटलं म्हणून तपासणी अडत नाही.

खंडपीठ

आणि विम्याची धास्ती असेल तर: दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८मध्ये, ‘जनुकीय विकार’ असा सरसकट शब्द घालून दावा नाकारणं भेदभाव ठरवलं आहे. हृदयाच्या आजाराचा दावा होता तो. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये विचारलेलं मात्र खरं लिहायचं.

पलासिया_स्मिता

दोघांचेही आभार. उद्याच वेळ घेते.

बारा_बंगले

पोलिसांना ही माहिती मिळू शकते का? मिळाली तर बरंच की. गुन्हेगार सापडतील.

रामबाग

सापडलाही आहे. एप्रिल २०१८मध्ये कॅलिफोर्नियात जोसेफ जेम्स डिअँजेलो हा माणूस पकडला गेला. त्यानं सत्तर-ऐंशीच्या दशकांत खून आणि बलात्कार केले होते. त्यानं स्वतः कुठलीच चाचणी केली नव्हती. त्याच्या दूरच्या नातेवाइकांचा डीएनए जेडमॅच नावाच्या साइटवर होता, तिथून वंशवृक्ष उतरत उतरत पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. ज्या घरांची राखरांगोळी झाली त्यांना इतक्या वर्षांनी न्याय मिळाला, याचं मोल मी मुळीच कमी लेखत नाही.

पण जेडमॅचचं पुढे काय झालं तेही पाहा. पूर्वजांच्या हौशीपोटी लोकांनी तिथे फाइली टाकल्या होत्या. पोलिसांना दिसायचं की नाही हे ठरवायचा पर्याय २०१९मध्ये आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती साइट गुन्हे तपासाचं तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपनीनं विकत घेतली. जुलै २०२०मध्ये हल्ला झाला आणि ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांच्याही फाइली सुमारे तीन तास पोलिसांच्या शोधाला खुल्या झाल्या. २०२३मध्ये मालक पुन्हा बदलला. हौस म्हणून टाकलेली फाइल, टाकणारा घरात स्वस्थ बसलेला असताना, एवढा प्रवास करून आली. न्यायालयाच्या हुकमानं, कायद्याच्या चौकटीत पोलिसांनी मागितलं तर त्यावर चर्चा होऊ शकते. आपल्याकडे अशा साठ्यांसाठी तशी वेगळी चौकट अजून नाही.

मोडीवाला

मला दुसरंच काहीतरी बोलायचं आहे. माझं काम जुने कागद वाचण्याचं. माळव्यातल्या मराठी घराण्यांत दत्तक किती झाले आहेत याची समितीला कल्पना असेलच. संस्थानिकांचंच बघा: इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर दत्तक, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे दत्तक, बडोद्याचे सयाजीराव तर १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले. सरदार, इनामदार, कुलकर्णी, भिक्षुक, सगळ्यांच्या घरी हे झालं. काही दत्तकांचे कागद आहेत, काहींचे नाहीत. बहिणीचा मुलगा मांडीवर घेतला आणि पुढच्या पिढीला सांगितलंच नाही, अशीही घरं मी पाहिली आहेत.

वाय गुणसूत्राची चाचणी अशा शाखेला सरळ ‘जुळत नाही’ म्हणून बाहेर काढणार. आणि ते कुलवृत्तांताच्या समितीच्या हातात पडणार! ज्या आजोबांनी आयुष्यभर कुळाचं नाव लावलं, कुलधर्म सांभाळला, बोडण भरवलं, त्यांच्या नातवाला तुम्ही काय पत्र लिहिणार? आणि दत्तकापेक्षाही नाजूक गोष्टी निघू शकतात. एखाद्या बाईवर काय गुदरलं होतं, हे तिच्या पणतवाच्या लाळेतून आज चव्हाट्यावर यावं का? ती बिचारी उत्तर द्यायला नाही.

जुनाइंदूर

मोडीवाले, हे मनाला लागलं. आमच्या घरी दत्तक आहेत, कागदासकट. यावर आम्ही विचार केला नव्हता असं नाही, पण इतक्या बारकाईनं नाही. एक मधला मार्ग सुचवतो. पूर्ण फाइल नकोच. नुसता वाय गुणसूत्राचा गट, ते आर-वन-ए वगैरे, तेवढं एक अक्षर-आकडा प्रत्येक शाखेतून एकानं द्यावा. त्यानं कुणाचा आजार कळत नाही. मूळ ठिकाण तर कळेल?

लॅबवाली

काका, त्यातून समितीचा प्रश्नच सुटत नाही. आर-वन-ए सारखे गट हजारो वर्षांपूर्वीचे आहेत, भारतापासून पूर्व युरोपापर्यंत पसरलेले. आपल्याला हवंय ते अठराव्या शतकात कोण कुठून माळव्यात आलं. बाकीच्या डीएनएचं म्हणाल तर दहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी हजारात एक, आणि पुष्कळदा शून्यही. कोकणातल्या कुठल्या गावातून निघाले हे त्यात लिहिलेलं नसतं. कंपन्या जे प्रदेशांचे टक्के दाखवतात ते त्यांच्याकडच्या ग्राहकांशी केलेली तुलना असते. साठा बदलला की टक्के बदलतात.

मोडीवाला

गाव हवं असेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. यात्रेला गेलेल्या पूर्वजानं तिथे मूळ गाव, बापआज्याचं नाव, भावांची नावं सांगून ठेवलेली असतात. पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आहे. घरातल्या सनदा आहेत. हे वाचायला माणसं कमी आहेत, हे खरं दुखणं. संचांवर खर्च करण्यापेक्षा दोन तरुणांना मोडी शिकवा, मी इंदुरात फुकट शिकवायला तयार आहे.

न्यूजर्सीकर

सगळं वाचलं. माझी फाइल समितीला पाठवत नाही. नागपूरची मावसबहीण सापडली, ते नातं आता खात्यावर अवलंबून नाही, म्हणून खातंही बंद करतोय. नेमकं कसं करायचं?

खंडपीठ

क्रम महत्त्वाचा. आधी संशोधनासाठी दिलेली संमती मागे घ्या. मग साठवलेला लाळेचा नमुना नष्ट करायचा पर्याय निवडा. नातेवाईक शोधण्याची सोय बंद करा. स्वतःसाठी प्रत हवी असेल तर उतरवून घ्या, पण ती मग तुमच्याच जबाबदारीवर. शेवटी सेटिंग्जमधून माहिती कायमची पुसण्याची विनंती करा. ईमेल येतो, त्यातल्या दुव्यावर जाऊन दुजोरा दिल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही. इथेच पुष्कळांचं काम अर्धवट राहतं. जी माहिती आधीच एखाद्या अभ्यासात वापरली गेली ती परत येत नाही. आणि ट्वेंटीथ्री अँड मीच्या धोरणातच लिहिलं होतं की प्रयोगशाळांच्या कायद्यांसाठी जनुकीय माहिती, जन्मतारीख आणि लिंग एवढं राखून ठेवलं जाईल. म्हणजे पुसूनही पूर्ण पुसत नाही, तरी पुसायलाच हवं. ती फाइल दुसऱ्या कुठल्या साइटवर चढवली असेल, तर तिथे वेगळं पुसावं लागेल.

न्यूजर्सीकर

आईबाबांचेही संच मीच भरून पाठवले होते, इंदूरहून आले होते तेव्हा. त्यांची खातीही माझ्याच ईमेलवर आहेत. त्यांना फोन करून विचारतो आणि मग तिन्ही पुसतो.

रामबाग

विचारूनच कर. खूप बरं वाटलं वाचून.

जुनाइंदूर

समितीच्या पुढच्या बैठकीत ते पान मागे घ्यावं असा ठराव मी स्वतः मांडतो. दोन शाखांकडून अहवाल आधीच आले आहेत, त्यांचं काय करायचं तेही ठरवू. ताई, सभासदांनी आपलं म्हणणं लेखी दिलं तर मला बोलायला बळ येईल. एखादा मसुदा देता का? फोन नंबर छापण्याबद्दलही लिहा, त्यावर पुन्हा विचार व्हावा असं आता वाटतं.

रामबाग

काका, मनापासून आभार. मसुदा खाली देते, खंडपीठ यांच्या नजरेखालून गेला आहे. ज्याला हवा त्यानं आपल्या कुळाच्या समितीसाठी बदलून वापरावा.

प्रति, संपादक मंडळ, कुलवृत्तांत समिती.

माझं नाव, आईवडिलांची नावं, जन्माचं वर्ष, शिक्षण आणि गाव छापण्यास माझी संमती आहे. पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता व फोन नंबर छापू नयेत.

माझी किंवा माझ्या अल्पवयीन मुलांची कोणतीही जनुकीय माहिती समितीनं घेऊ नये, मागू नये किंवा साठवू नये. माझ्या दिवंगत आईवडिलांच्या जपून ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवरून चाचणी करण्यास माझी संमती नाही.

दुसऱ्या कुणा नातेवाइकानं दिलेल्या अहवालात जुळणारी व्यक्ती म्हणून माझं नाव असल्यास तो अहवाल समितीनं स्वीकारू नये. असे अहवाल वा फाइली आधीच आल्या असतील, तर त्या ईमेल, संगणक, पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरून काढून टाकाव्यात, त्यांच्या छापील प्रती नष्ट कराव्यात, आणि ज्यांच्याकडे त्या पुढे गेल्या त्यांनाही तसं कळवावं.

हे केल्याचं समितीनं मला लेखी कळवावं.

आपला / आपली,
(नाव, शाखा, गाव, सही)